कमावलेलं कातडं

आमचं गाव कोल्हापूरकडचं, पंचगंगेच्या काठाला, आणि आमची गल्ली गावाच्या पार नदीकडच्या टोकाला, कारण आमच्या कामाला पाणी लागतं आणि आमच्या कामाचा वास गावाला सोसत नाही, दोन्ही गोष्टी टोकालाच जमतात. आम्ही जातीनं ढोर. हे एवढं वाक्य अमेरिकेत चारचौघांत निघायला तेवीस वर्षं लागली, ते कसं तेच सांगतो, पण मी भरकटलो तर आवरा मला ताई. माझी बायको सुनंदा म्हणते, तुम्हाला मीठ आणायला धाडलं तर सगळ्या गल्लीची खुशाली विचारून रिकाम्या हातानं परत येता.

वडील कातडं कमवायचे. तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला कमावणं म्हणजे पगार, हो की नाही? आमच्याकडं त्या शब्दाचा पहिला अर्थ तो नव्हता. मेलेल्या जनावराचं कच्चं कातडं, जे दोन दिवसांत कुजून जाणार, ते चुन्यात टाकायचं, केस काढायचे, आतली चरबी खरडायची, मग त्याची पिशवी शिवून तिच्यात बाभळीच्या सालीचं नि हिरड्याचं पाणी भरून टांगायचं, आणि रोज त्याच्या मागं लागून लागून ते टिकाऊ करायचं, याला म्हणायचं कातडं कमावणं. शाळेत गुरुजींनी विचारलं, वडील काय करतात रे, मी म्हटलं कमावतात, ते म्हणाले अरे सगळ्यांचेच कमावतात, तुझे काय कमावतात, मी म्हटलं कातडं, आणि अख्खा वर्ग हसला. मला तेव्हा कळलं नाही काय चुकलं. नंतर नीट कळलं, आणि मग मी कुणी विचारलं की गप्प बसायला शिकलो.

डिप्लोमा केला तो चामड्याचाच, हातात जे होतं तेच कागदावर आलं. मद्रासकडं नोकरी केली, तिथनं विस्कॉन्सिनच्या एका मोठ्या कारखान्यात आलो, तो दोन-तीन वर्षांतच बंद पडला, तोवर आमची रेवा जन्मली होती, परत जायचं तर कुठल्या तोंडानं जायचं, अशात रॉन भेटला. रॉन म्हणजे माझा मालक. इथं मिनेसोटाच्या पश्चिमेला मक्याची शेतं नि तळी सोडून काही नाही, त्यात त्याच्या आजोबांनी काढलेली फरची टॅनरी, म्हणजे केसांसकट कातडी कमावायचा कारखाना, माणसं आम्ही चारच. त्यानं विचारलं फरचं काम येतं का, मी म्हटलं येतं की, आणि येत काही नव्हतं. काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं सगळी अक्कल केस काढण्यात, इथं सगळी अक्कल केस राखण्यात! पहिल्याच आठवड्यात एक लाल कोल्हा, आपण ज्याला खोकड म्हणतो तो, माझ्या हातून पार टकला झाला. रॉननं तो उचलून बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, याला आता उन्हाळ्यात बरं वाटेल. काढून टाकलं नाही मला. असा माणूस.

फर मला शिकवली ती हॅरल्डनं. हॅरल्ड ट्रॅपर, म्हणजे सापळे लावणारा, उन्हाळ्यात त्याची थोडी शेती आणि हिवाळ्यात ओढ्याच्या कडेनं त्याचे सापळे, आता पंच्याहत्तरीला आलाय. मला तो डाटा म्हणतो. दत्ता म्हण, दत्ता, असं पहिली दोन वर्षं सांगितलं, मग सोडून दिलं. तो रॅकून आणायचा, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीचं, मांजरापेक्षा थोडं मोठं जनावर, मिंक, मस्करॅट ही ओढ्याकाठची बारकी जनावरं, कधी लांडग्याचा धाकटा भाऊ कायोटी, घरीच पिशवीसारखं सोलून, खरडून, फळीवर चढवून वाळवलेलं असं स्वच्छ कातडं, की मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वडलांची आठवण आली. त्यानं शिकवलं, केसांत हळू फुंकर मार, खाली लोकर दाट आहे का बघ, मग उलटं करून आतली बाजू बघ, पांढरी असली तर कातडं पिकलं, निळसर असली तर घाई झाली, थंडी पडायच्या आधी मारलं. मी स्वतः आजवर एक जनावर मारलेलं नाही हो, मारणाऱ्याच्या बाजूनंही मी बोलत नाही, माझी पोरगीच त्याच्या विरोधात आहे. पण मेलेल्याची हेळसांड मला बघवत नाही. हॅरल्डनं कधी केली नाही.

आता धंद्याचं सांगतो. पूर्वी कोटाच्या टोपीला कडेनं लावायला कायोटीची फर हातोहात जायची, रॅकून परदेशातले व्यापारी लिलावात उचलायचे. मग मोठ्या कपडेवाल्यांनी सांगितलं, आता आम्हाला फर नको, आणि तिकडचे घेणारेही आटले. भाव असा खाली आला की हॅरल्ड म्हणायचा, रॅकून सोलून खरडून वाळवायला माझा दीड तास जातो आणि मिळतात त्यात एक कॉफी नि डोनट येतो, कॉफी लहान घेतली तर. तरी तो आणायचा. म्हातारे ट्रॅपर सगळेच आणायचे, सवयीनं म्हणा, इभ्रतीसाठी म्हणा. आणि ते आणायचे म्हणून टॅनरी चालायची, आम्ही त्याच्या टोप्या करायचो, हातमोजे करायचो, कुणाला भिंतीवर लावायला अख्खं कातडं हवं असायचं, भागायचं.

मग काउंटीनं, म्हणजे इथली जिल्हा परिषदच समजा, शेपट्यांना पैसे द्यायला सुरुवात केली. कशासाठी, तर आमच्याकडं फेझंट म्हणून पक्षी असतो, कोंबड्याएवढा, झकास रंगाचा, त्याची अंडी रॅकून नि स्कंक खातात, म्हणून रॅकून मारा, शेपूट कापून काउंटीच्या कचेरीतल्या खिडकीत आणा, शेपटीमागं पैसे घ्या. आणि फेझंट वाचवायचे कशासाठी? तर शरद ऋतूत शहरातनं लोक ते मारायला येतात, मोटेली भरतात, दुकानं चालतात. रेवाला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. ती इथंच वाढलेली, मी मराठीत बोलायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं असा आमच्या घरचा रिवाज. म्हणाली, डॅड, लेट मी गेट धिस स्ट्रेट, दे सेव्ह द बर्ड टु शूट द बर्ड? मी म्हटलं, होय बाई, तसंच.

त्यात गोम अशी, ताई, की एका शेपटीला जेवढं मिळत होतं तेवढं अख्ख्या कातड्याला मिळत नव्हतं. शिवाय शेपूट कापायला अर्धं मिनिट, कातडं काढायला दीड तास. मग कोण सोलत बसतो? नवे नवे लोक उतरले, ज्यांनी जन्मात सापळा लावला नव्हता तेही, पिकअपमध्ये रॅकून टाकायचे, शेपट्या छाटायच्या, बाकी सगळं रस्त्याकडच्या खड्ड्यात. मी कामाला जाताना बघायचो. त्या हिवाळ्यात एका ठिकाणी अकरा मोजले. पिकलेली कातडी हो, जानेवारीतली, पांढरीशुभ्र आतनं निघाली असती अशी! मी गाडी थांबवली, उतरलो, आणि त्या थंडीत उभ्या उभ्या शिव्या दिल्या, मराठीत, ऐकायला कुणी नव्हतं म्हणून मोकळेपणानं दिल्या. आणि म्हातारे ट्रॅपरसुद्धा थकले, त्यांनाही वाटलं असेल, आपणच का वेडे, तेही शेपट्या नेऊ लागले. एकटा हॅरल्ड अख्खं कातडं आणत राहिला, शेपटीसकट.

मार्चमध्ये रॉननं आम्हाला चौघांना बोलावलं आणि सांगितलं, माल येत नाही, असंच चाललं तर पुढच्या हिवाळ्याला मी दार उघडणार नाही. माझं वय अठ्ठावन्न. हाताचं काम सोडून मला दुसरं काही येत नाही. मग तोच म्हणाला, काउंटीची मीटिंग आहे, कुणीही उठून बोलू शकतं, नियम एवढाच बदला म्हणावं की शेपूट कापून आणू नका, सोललेलं कातडं शेपटीसकट आणा, खिडकीत शेपटीला एक छेद द्या म्हणजे परत दाखवता येणार नाही, आणि कातडं ज्याचं त्याला परत द्या. पैसे तेवढेच. मी म्हटलं, बरोबर आहे, तू बोल. तो म्हणाला, मी मालक, मी बोललो तर लोक म्हणतील स्वतःच्या गल्ल्यासाठी बोलतो, कातड्याला हात कुणाचा लागतो, तुझा, तू बोल.

आता इथं माझी अडचण तुम्हाला सांगायला हवी. इकडच्या मराठी लोकांत मी काय करतो हे कुणाला माहीत नव्हतं. आम्ही अडीच तास ड्राइव्ह करून शहराकडं ईडन प्रेरीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जायचो, संक्रांत, गणपती, दिवाळी, आणि विचारलं की सांगायचो, केमिकल कंपनीत आहे, प्रोसेसिंगला. खोटं नाही तसं, ॲसिडाच्या पिंपात दिवसभर हात असतातच की. सुनंदानं मंडळाचे कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवलेले, त्यात कापूर, घरातनं निघायच्या आधी मी दोनदा आंघोळ करायचो, गाडीत ती माझ्या हाताचा वास घेऊन बघायची. सगळे आयटीतले, पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, चांगली माणसं, वाईट कुणी काही केलेलं नाही आम्हाला. पण चामडं म्हटलं की पुढचा प्रश्न कुठला येतो हे आम्हाला ठाऊक होतं, गाव कुठलं, गल्ली कुठली, आडनाव असं कसं. आणि मीटिंगला काउंटीच्या पेपरचा माणूस असतो, नाव छापतो, फोटो छापतो. तेव्हा काम वाचवायचं तर तोंड उघडायला हवं, आणि तोंड उघडलं तर तेवीस वर्षांचं झाकण उडणार. सुनंदा दोन दिवस नकोच म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, जा, पण तो निळा शर्ट घाला, फोटो आला तर बरा यावा.

मीटिंग मंगळवारी सकाळी. कमिशनर पाच, समोर खुर्च्या, खुर्च्यांत शेपट्या नेणारे बरेच, मागच्या रांगेत हॅरल्ड टोपी मांडीवर घेऊन. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी कागदावर लिहून नेलं होतं, रेवानं इंग्रजी तपासलं होतं, आणि माइकसमोर उभा राहिल्यावर तो कागद मला दिसेचना. मग जे डोक्यात होतं ते मराठीतनं उचलून तसंच इंग्रजीत टाकत गेलो. म्हणालो, तुम्ही शेपूट घेता आणि कातडं खड्ड्यात टाकता. मला पुढं म्हणायचं होतं, ते कातडं कुणी कमावलेलं नाही, म्हणजे टॅन केलेलं नाही, ते तसंच कुजतं. वीस वर्षं टॅन टॅन करतोय मी, रोजचा शब्द, आणि त्या दिवशी घशातनं निघाला दुसराच. म्हणालो, यू डिड नॉट अर्न दॅट स्किन.

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, लोकांना पटलं. पुढच्या रांगेतला एक दांडगा माणूस उठला, लालबुंद, म्हणाला, मी काय अर्न केलं नि काय नाही हे तू मला सांगणार, कुठनं आलास तू? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, अरे देवा, मी यांना म्हणालो की या कमाईची तुमची लायकी नाही! मी म्हणतोय सॉरी सॉरी, माय मिस्टेक, राँग वर्ड, आमच्या भाषेत एकच शब्द आहे, टॅन करणं नि पैसे मिळवणं दोन्हीला, आम्ही कातडं कमावतो, माझे वडील कमवायचे, आजोबा कमवायचे, आमची सगळी जात कातडं कमावणारी, मला एवढंच म्हणायचं होतं की ते कातडं टॅन झालं नाही. असं सगळं घामाघूम होऊन, माइकमध्ये, तीन मिनिटं संपल्याची घंटा वाजत असताना. जे लपवायचं ते खुलासा देता देता सगळं बाहेर! कुणी विचारलंही नव्हतं.

मागून हॅरल्ड उठला. हा माणूस बोलत नाही, वीस वर्षांत माझ्याशी शंभर वाक्यं बोलला असेल. त्यानं टोपी हातात धरली आणि म्हणाला, मला वाटतं डाटाचा शब्द चुकला नाही. एवढंच म्हणून बसला. त्या दांडग्या माणसाला मग कुणी साथ दिली नाही, तोही बसला.

नियम बदलला का, तर अर्धा. पुढच्या महिन्यात त्यांनी ठरवलं, नुसतं शेपूटही चालेल आणि शेपटीसकट कातडंही चालेल, छेद देऊन परत मिळेल. अर्धवट काम, सरकारी. पण म्हातारे ट्रॅपर परतले. अजूनही खड्ड्यात पडलेलं दिसतं, नाही असं नाही, पण यंदाच्या डिसेंबरात टॅनरीच्या दारात सकाळी पिकअपा उभ्या होत्या, आणि एक दिवस तो दांडगा माणूसही आला, दोन रॅकून घेऊन, इतके वाईट सोललेले की काय सांगू, भोकंच भोकं! मी त्याला खरडायची सुरी कशी धरायची ते दाखवलं. म्हणाला, थँक्स. मी म्हटलं, पुढच्या वेळी चरबी नीट काढ, नाहीतर घेणार नाही.

पेपरात मात्र माझा फोटो आला, निळा शर्ट, तोंड उघडं, आणि खाली तेच वाक्य, मोठ्या अक्षरात. ईडन प्रेरीतल्या कुणीतरी ते मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. अंगठे आले, टाळ्या आल्या, एकीनं लिहिलं, काका, किती सुंदर विचार, निसर्गाकडून घेतलेलं अर्न करायला हवं! तिला काय सांगणार. एक-दोघांनी काहीच लिहिलं नाही, तेही दिसतं बरं का, कोण लिहीत नाही ते. दिवाळी जवळ आली तशी सुनंदा म्हणाली, यंदा जायचं नाही. मी म्हटलं, जायचं. ती म्हणाली, मग मी एकटी घरी राहते. असं आठवडाभर चाललं, आणि शेवटी रेवा कॉलेजातनं आली नि दोघांना गाडीत घालून घेऊन गेली.

शैलेशच्या घरी फराळ होता, नागपूरचा मुलगा, आयटीत, त्याचे वडील भारतातनं आलेले, ऐंशीचे, कडक इस्त्रीचा झब्बा. सगळे बोलत होते, कुणी काही विचारत नव्हतं, आणि न विचारणं इतकं जोरात ऐकू येत होतं की मी चकलीमागून चकली मोडत बसलो. आजोबांना काय, त्यांना कुणी सांभाळून बोला म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुमचं ते पेपरात वाचलं, मग हे काम तुमच्या घरात पूर्वीपासूनचं का? सुनंदानं माझा हात धरला, घट्ट. मी तोंड उघडलं, आणि खोटं सांगत नाही ताई, मीटिंगमध्ये गोऱ्या लोकांसमोर जे धडाधडा बोललो होतो ते इथं, आपल्या भाषेत, आपल्या लोकांत, निघेना. वर्गात गुरुजींसमोर उभा असल्यासारखा झालो.

आणि माझ्या शेजारनं रेवा बोलली. मराठीत. जी पोरगी मला पाणी हवं का हेसुद्धा इंग्रजीत विचारते, ती. म्हणाली, हो आजोबा, पणजोबांच्या आधीपासून, आम्ही ढोर आहोत, आम्ही कातडं कमावतो.

आम्ही म्हणाली हो ती. बाबा कमावतात नाही म्हणाली, आम्ही म्हणाली. तिला कातड्याला हात लावायला आवडत नाही, मांस खात नाही, माझ्याशी या सगळ्यावरनं चार वर्षं भांडते, आणि म्हणाली आम्ही. मी खाली बघत राहिलो, कारण डोळे भरून आले होते नि चारचौघांत काय रडायचं. आजोबा म्हणाले, अस्सं. मग कसं करता ते सांगा की. कुणी उठून दुसऱ्या खोलीत गेलं, मी बघितलं कोण ते, जाऊ दे. बाकीचे बसले. मी सांगत बसलो, चुन्यापासनं ते फर शेवटी घोळून साफ करायच्या भुशाच्या पिंपापर्यंत, आणि घरी निघताना सुनंदा गाडीत म्हणाली, आज हाताचा वास बघायचा राहिलाच.

रॉन म्हणतो, आणखी दोन हिवाळे तरी चालेल, पुढचं कुणी सांगावं. हॅरल्डच्या गुडघ्यांचं काही खरं नाही, ओढ्याच्या कडेनं त्याला जाववत नाही आता, फर कुणी घालीनासं झालं, आणि झालं तर झालं, त्यात चूक काय आहे, जनावरं जगतील. माझं म्हणणं एवढंच की जे मेलं त्याचं तरी काहीतरी करा. रेवानं मागच्या आठवड्यात फोन केला, म्हणाली, डॅड, टीच मी द होल प्रोसेस, मला लिहून काढायचंय. मी म्हटलं, लिहून येत नाही ते, हात घालावा लागतो. ती म्हणाली, ओके, आय विल. बघू आता, ॲसिडात किती वेळ टिकते ते. पोर सुखी राहो माझी, आणि तुम्हीही राहा, ताई.